बटणांचं खातेवाटप

ड्रॉइंग काढणारा माणूस कामात असला की येणारे-जाणारे त्याच्या स्क्रीनकडे बघतात. काळ्या पडद्यावर पिवळ्या-हिरव्या रेषा सरसर उमटत असतात, खोल्या पडत असतात, जिना चढत असतो. ते बघण्यासारखं असतं, नाही असं नाही. पण खरी गंमत टेबलावर चाललेली असते. डावा हात कीबोर्डच्या एका कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला, त्याचा अंगठा स्पेसबारवर. उजवा हात माउसवर, आणि दोघांचं आपापसात काहीतरी ठरलेलं. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार म्हणजेच एंटर. काही न लिहिता तो दाबला तर आधीची आज्ञा पुन्हा सुरू होते. त्यामुळे मुरलेल्या ड्राफ्ट्समनचा डावा अंगठा दिवसभर नुसता 'हं, हं' करत असतो. उजव्या हाताने जागा दाखवायची आणि डाव्या अंगठ्याने हुंकार भरायचा, एवढ्या जोरावर आपल्याकडची कितीतरी घरं आधी कागदावर आणि मग जमिनीवर आली आहेत.

आमच्या ऑफिसात नवे संगणक आले तेव्हा त्यांच्यासोबत जरा बड्या घरचे माउसही आले. डावं बटण, उजवं बटण, मध्ये चाक, ते चाक दाबलं की तिसरं बटण, आणि अंगठ्यापाशी आणखी दोन. बटणांना हवी ती कामं देता येतात, असं खोक्यावर लिहिलं होतं. वाक्य वाचायला निरुपद्रवी आहे. पण ते वाचल्यापासून ऑफिसात मंत्रिमंडळाच्या खातेवाटपाचं वातावरण पसरलं. जागा पाच आणि इच्छुक शेकडो. ऑटोकॅडमधल्या प्रत्येक आज्ञेला वाटतं की आपल्याशिवाय राज्य चालणार नाही, आणि प्रत्येकीच्या मागे ऑफिसातला कुणी ना कुणी समर्थक उभा असतो.

मुख्यमंत्रिपदाचा प्रश्न तेवढा वरूनच सुटलेला असतो. तर्जनीखालचं पहिलं बटण निवडण्यासाठी राखीव. ऑटोकॅड ते खातं कुणाच्या हाती देत नाही. बाकीच्या वाटाघाटी 'सीयूआय' ही आज्ञा लिहिल्यावर उघडणाऱ्या खिडकीत चालतात. 'ऑटोकॅड २००६' मध्ये ही खिडकी आली. त्याआधी मेनूची साधी मजकुराची फाइल उघडून तिच्यातल्या ओळी हाताने बदलाव्या लागत. ते काम ऑफिसातल्या एकाच माणसाला येत असे आणि तो ते वर्षातून एकदा, सगळ्यांना लांब उभं करून, करत असे. आता खिडकीत बटणांची यादीच मिळते. प्रत्येक बटण चार तऱ्हांनी दाबता येतं असं तिथे कळतं. नुसतं, शिफ्टसह, कंट्रोलसह आणि दोन्हींसह. म्हणजे एकेका मंत्र्याला चार-चार खाती. यादीत हे फार ऐसपैस दिसतं. प्रत्यक्षात कंट्रोल आणि शिफ्ट एकदम दाबून उजवं बटण दाबल्यावर काय व्हायचं ठरलं होतं, हे दुसऱ्या दिवशी ठरवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्यात केंद्र आणि राज्य असा एक वाद असतोच. माउस बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. बटण दाबल्याची बातमी आधी त्याच्याकडे जाते. त्याने चाकाच्या बटणाला स्वतःचं काही काम दिलं असेल, तर ऑटोकॅडपर्यंत ते बटण पोचतच नाही. मग माणूस सीयूआयच्या खिडकीत कितीही बदल करो, चाक ढिम्म. केंद्राच्या यादीत त्या बटणापुढे 'साधं मधलं बटण' एवढंच लिहावं लागतं, तेव्हा कुठे राज्याला अधिकार मिळतो.

आमच्याकडे आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स करून आलेली एक मुलगी आहे. तिने पहिल्याच दिवशी यादी तयार केली. एका बटणावर लाइन, एकावर सर्कल, एकावर हॅच. शेजारच्या टेबलावर बसणारे काका सरकारी नोकरीतून अनुरेखक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून येतात आणि आमची ड्रॉइंग तपासतात. त्यांनी यादी वाचली.

"सर्कल? अगं, घरात गोल असतं काय?"

"काका, वॉशबेसिन असतं ना."

"ते तू ब्लॉकमधून आणतेस. आणि?"

"पाण्याची टाकी..."

"वर्षातून एकदा. तिला मंत्रिपद देतेस?"

सर्कल गेलं. लाइनचा दावा मात्र जोरकस होता, आणि त्याला कारणही होतं. ऑटोकॅडमध्ये लाइनसाठी 'एल', ऑफसेटसाठी 'ओ', मूव्हसाठी 'एम' अशी एकेका अक्षराची टोपणनावं आहेत, पण ही तिन्ही अक्षरं कीबोर्डच्या उजव्या अंगाला बसतात. उजवा हात माउसवर गुंतलेला. मग डावा हात आपला कोपरा सोडून पलीकडे जातो, 'एल' दाबतो आणि परत येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींचा एक नियम मांडला. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. बोटाखालच्या बटणाला अंतरच नसतं. पाच जागांसाठी एवढी झुंबड उडते ती म्हणूनच. तिथे बसलेल्याला कुठून यावं लागत नाही.

पण दावे ऐकून खाती वाटायची नसतात, आधी कुणाचं काम किती ते बघायचं असतं. त्याची सोय ऑटोकॅडमध्ये आयतीच आहे. एफ-टू दाबलं की दिवसभरात दिलेल्या आज्ञांची जंत्री समोर येते. संध्याकाळी मी ती वर सरकवत गेलो. लाइन दिसली, ट्रिम दिसली, कॉपी तर बरीच दिसली. पण या सगळ्यांना मागे टाकणारी एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती, दोन्ही बाजूंना चांदण्या लावून आणि इंग्रजीत: 'कॅन्सल'. एस्केपची कळ दाबली की ती नोंद पडते. काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. निवडलं आणि नको म्हटलं. मोजायला गेलो आणि मोजण्याची गरज नव्हती असं लक्षात आलं. मुलीची जंत्री बघितली, तीच गत. ऑफिसचे प्रमुख असलेल्या सरांची बघितली. सरांच्या जंत्रीत मध्ये मध्ये आज्ञा होत्या, एवढंच.

हे कुणाला सांगायला गेलं तर कामचुकारपणा वाटेल, पण जरा विचार केला की कळतं, ड्राफ्टिंग म्हणजे हेच. रेघ मारणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. मोठा भाग बघण्याचा. जवळ जाऊन बघायचं, लांब जाऊन बघायचं, बाजूला सरकून बघायचं. त्यानंतरचा भाग हो म्हणण्याचा, आणि त्याच्या खालोखाल नको म्हणण्याचा. बटणांकडे नीट बघितलं तर त्यांचं वाटप करणाऱ्यांनाही हे उमगलेलं दिसतं.

चाकाचंच घ्या. मायक्रोसॉफ्टचा चाकाचा माउस १९९६ मध्ये आला. बाकीच्यांनी ते चाक वापरलं लांबलचक मजकूर वर-खाली सरकवण्यासाठी. ड्राफ्टिंगवाल्यांनी ते पटकावलं आणि त्याला बघण्याचं खातं दिलं. फिरवलं की नकाशा जवळ-लांब होतो, दाबून धरलं की हातासोबत सरकतो, दोनदा टिचकी मारली की आख्खं ड्रॉइंग पडद्यात मावतं. चाक येण्यापूर्वी यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी आज्ञा लिहावी लागे, खिडकी आखावी लागे, आणि मग संगणक रेषा न् रेषा नव्याने काढत बसे. तेवढ्यात चहा पिऊन होई. काका म्हणतात की तेव्हा माणसं झूम करण्याआधी विचार करायची. आता चाकावरचं बोट विचार न करताच आत-बाहेर करतं. पुढचं सुचत नसलं की ड्राफ्ट्समन चाक फिरवत राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय बारकाईने काम चाललंय!

मधल्या बटणाच्या या खात्यावर पूर्वी दुसऱ्याच कुणाचा हक्क होता, याची खूण अजून शिल्लक आहे. 'एमबटनपॅन' नावाची एक किल्ली आहे. तिची किंमत एक असली तर मधलं बटण नकाशा सरकवतं. शून्य केली तर सीयूआयच्या खिडकीत त्याच्यासाठी ठरवलेलं काम करतं, आणि मुळात तिथे असते ती नेमके बिंदू पकडण्याची यादी, म्हणजे रेषेचं टोक, मध्य, छेद, लंब. जुने लोक संगणक हाती आला की आधी ही किल्ली शून्य करतात. नवे येऊन ती एक करतात. एकाच मशीनवर दोघे पाळीपाळीने बसत असतील तर सरकार दर पाळीला बदलतं.

उजव्या बटणाचा तंटा याहून जुना आणि याहून कडवा. एका पिढीला उजवं बटण म्हणजे एंटर. रेषा संपली, उजवं दाब. आज्ञा पुन्हा हवी, उजवं दाब. दुसरी पिढी विंडोजमध्ये वाढली. तिला उजवं दाबलं की यादी उघडलीच पाहिजे. यात ऑटोकॅडने जी तडजोड काढली तिचं मला फार कौतुक वाटतं. एक पर्याय चालू केला की उजवं बटण वेळ मोजतं. झटकन दाबून सोडलं तर एंटर, जरा रेंगाळलात तर यादी. झटकन म्हणजे किती? मूळ आकडा २५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाव भाग, आणि तोही ज्याच्या त्याच्या बोटाप्रमाणे बदलता येतो. दोन पिढ्यांमधलं अंतर इतक्या काटेकोरपणे मोजल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. काकांचं बोट आता सावकाश सुटतं. त्यांच्या मशीनवर आम्ही तो आकडा गुपचूप वाढवून ठेवला आहे. त्यांना वाटतं, नवा माउस गुणी आहे.

आता नको म्हणण्याचं खातं. बटणाला आज्ञा द्यायची तर तिचा मॅक्रो लिहावा लागतो. ऑटोकॅडचे जवळजवळ सगळे मॅक्रो एकाच मंत्राने सुरू होतात: कंट्रोल-सी, कंट्रोल-सी. ज्या काळात हे सॉफ्टवेअर डॉसवर चाले, तेव्हा चालू आज्ञा रद्द करण्याची कळ ती होती. पुढे ते काम एस्केपकडे गेलं आणि कंट्रोल-सी नक्कल करण्यासाठी वापरू लागले, पण मॅक्रोच्या लिपीत तिचा जुना अर्थ तसाच राहिला. दोनदा का, तर काही ठिकाणी, विशेषतः मापं टाकण्याच्या जुन्या आज्ञेत, एकदा रद्द करून माणूस पुरता बाहेर पडत नसे. एकदा त्या पोटआज्ञेतून, दुसऱ्यांदा मापांच्या खोलीतूनच. म्हणजे पडद्यावरच्या साध्या रेघेच्या चिन्हावर टिचकी मारली तरी संगणक आधी दोनदा म्हणतो, जे चाललंय ते सोड, नीट सोड, आणि मग रेघेला हात लावतो. माणसाच्या बाबतीत कुणी एवढी खबरदारी घेत नाही. आमच्या ऑफिसात अर्धं वर्किंग ड्रॉइंग हातात असताना सर येऊन दुसऱ्याच बंगल्याचं एलेव्हेशन मागतात. कंट्रोल-सी एकदासुद्धा म्हणत नाहीत.

नको म्हणण्याची ही सोय संगणकावरच्या ड्रॉइंगइतकीच जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' तयार केलं. पडद्यावर थेट रेषा काढू देणारी ती पहिल्यापैकी एक व्यवस्था. तेव्हा माउस नव्हता. एका हातात प्रकाशाचं पेन आणि दुसऱ्या हाताखाली बटणांची पेटी. बटण दाबून सांगायचं, रेषा काढतोय. पेन नेईल तिकडे रेषेचं टोक ताणलं जाई. आणि रेषा संपवायची कशी? पेन झटकन बाजूला उडवायचं. इतकं वेगाने की संगणकाला त्याचा माग काढता येऊ नये. माग सुटला, म्हणजे माणसाचं काम झालं. बटणांची एवढी पेटी असूनही सोडून देण्याचं काम त्यांनी मनगटाच्या झटक्यावर ठेवलं होतं. आमच्या जंत्रीतल्या चांदण्यांचं कूळ बरंच वरचं निघालं.

माउस आला त्यानंतर. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये त्याचा पहिला नमुना केला. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनी भरल्या सभागृहात त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं, तोवर बटणं तीन झाली होती, आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा आणखी एक छोटा संच होता. वेगवेगळ्या पट्ट्या एकदम दाबून अक्षरं उमटवायची. माउसवरच्या एका बटणाचं काम होतं, दिलेली आज्ञा मान्य करणं. आमच्या डाव्या अंगठ्याचा तोच हुंकार. एंगलबार्ट यांचा माणसाच्या हातांवर जबर विश्वास होता. माणूस शिकेल, हात सरावेल, मग त्याला साधनं कमी का द्यायची, असा त्यांचा विचार.

पुढे दुसऱ्या टोकाचा विचार आला. झेरॉक्सच्या १९७३ च्या 'आल्टो' संगणकाला तीन बटणांचा माउस होता, पण ॲपलने १९८३ च्या 'लिसा'ला आणि पाठोपाठ १९८४ च्या मॅकिंटॉशला एकच बटण ठेवलं. नवख्या माणसाने कुठलं दाबू असं विचारायलाच नको. ॲपलने स्वतःच्या माउसला एकाहून जास्त बटणांची अक्कल दिली ती थेट २००५ मध्ये. दोन्ही बाजूंचं मला पटतं. बँकेत किंवा तिकिटाच्या खिडकीवर एकच बटण असावं, तिथे माणूस घाईत असतो आणि मागे रांग असते. पण ज्याला रोज तेच काम आयुष्यभर करायचं आहे, त्याच्या हाताला सोपेपणाची दया दाखवण्यात अर्थ नाही.

ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलं, आणि सुरुवातीच्या काळात गंभीर ड्राफ्टिंगवाले माउसला हातही लावत नसत. त्यांच्या टेबलावर डिजिटायझर असे. एक मोठी पाटी, तिच्यावर आज्ञांच्या चौकटी छापलेला तक्ता, आणि हातात 'पक'. पकला पुढे काचेची भिंगासारखी खिडकी, तिच्यात अधिकच्या चिन्हासारखी बारीक खूण, आणि पाठीवर कधी चार तर कधी सोळा बटणं. त्या सोळांना कामं देण्यासाठी मेनूच्या फाइलमध्ये वेगळा विभागच होता. सोळा खात्यांचं ते भरगच्च मंत्रिमंडळ मी एका जुन्या ऑफिसात कपाटावर धूळ खात पडलेलं बघितलं आहे. विस्तार कितीही झाला तरी रोजचं काम दोघे-तिघेच बघतात. त्या पकवरच्याही दोन-तीन बटणांवरचे आकडे पुसले गेले होते, बाकीची कोरी करकरीत.

काकांना मात्र पक, माउस, चाक सगळं सारखंच. त्यांची कारकीर्द ड्रॉइंग बोर्डावर गेली. ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा, ड्राफ्टर लावायचा, रोट्रिंगची पेनं हलवून शाई उतरली का बघायचं. ०.२ मापांसाठी, ०.३ आतल्या भिंतींसाठी, ०.५ बाहेरच्या रेषेसाठी, आणि रेघ मारताना श्वाससुद्धा बेताने. रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन शाई खरवडायची. खरवडताना कागदाचा कस निघून जातो, पुन्हा त्याच जागी शाई लावली तर फुटते, म्हणून नखाने किंवा खोडरबराने ती जागा आधी घोटून गुळगुळीत करायची. एकाच जागी फार तर दोनदा. तिसऱ्यांदा भोक. त्या काळी नको म्हणायला एवढे कष्ट होते, म्हणून नको म्हणण्याचं सगळं काम माणसं रेघ मारण्याआधी डोक्यात उरकून घ्यायची. काका अजून तसंच करतात. माउसवर हात ठेवून बराच वेळ नुसते बसतात. मुलगी माझ्याकडे बघते, काका झोपले की काय म्हणून. मग ते एकदम चार आज्ञा देतात आणि जिना जागेवर बसतो. त्यांच्या जंत्रीत चांदण्या जवळजवळ नसतात.

आमच्या पिढीचं उलट. 'यू' लिहून स्पेसबार दाबला की मागचं पाऊल मागे. पुसून टाकलेलं परत आणायला तर 'ऊप्स' नावाची अधिकृत आज्ञाच आहे. बनवणाऱ्यांना आपल्या गिऱ्हाइकाची पुरेपूर ओळख असावी. नको म्हणणं फुकट झालं, तसा आमचा विचार डोक्यातून उतरून पडद्यावर आला. भिंत इकडे टाकून बघू, नको. खिडकी मोठी करून बघू, नको. काकांचं नको डोक्यात होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. आमचं एफ-टूच्या खिडकीत लिहून निघतं, एवढाच फरक. कुठली रीत बरी यावर आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी दोन्हीकडून बोललं जातं. मला विचाराल तर घराला दोन्ही चालतात. काकांच्या रीतीने काढलेल्या इमारती उभ्या आहेत, आमच्या रीतीच्याही उभ्या आहेत. गळायच्या त्या दोन्ही गळतात.

एक पंचाईत मात्र फक्त आमच्या रीतीची आहे. काकांचं ब्लेड कुणीही उचलावं आणि वापरावं. आमचा माउस दुसऱ्याच्या हातात गेला की तिथे परराज्य. सरांनी एकदा माझ्या मशीनवर बसून साइटवरच्या माणसाला फोनवर माप सांगायला घेतलं. त्यांच्या अंगठ्याला सवय मागचं दृश्य परत आणण्याची, माझ्या अंगठ्याखाली रद्द करण्याचं खातं. सर दोन बिंदू दाखवायचे, त्यातला एक दाखवून झाला की अंगठ्याने जरा मागे यायचे आणि मोजणं सोडून द्यायचे. शेवटी त्यांनी माप अंदाजाने सांगितलं. ते बरोबर निघालं, पण चेहरा उतरला होता. सीयूआयची मांडणी फाइलमध्ये साठवून पेन ड्राइव्हवर नेता येते, आणि काही ड्राफ्ट्समन ऑफिस बदलताना ती नेतातही. रिझ्यूमेत लिहीत नाहीत इतकंच.

आणि इतक्या सगळ्या चर्चेत एका आज्ञेचं नाव कुणीच काढलं नाही. सेव्ह. सगळ्यात मोलाची आज्ञा, पण तिच्यासाठी ना मुलीने शब्द टाकला, ना सरांनी. कारण तिला जागा लागत नाही. आमचं शिक्षण भारनियमनाच्या दिवसांत झालं. वीज कधी जाईल याचा भरवसा नसे, बॅटरी असली तरी ती आधी पंख्याला. दोन-चार रेषा झाल्या की डाव्या हाताची करंगळी आणि मधलं बोट आपोआप कंट्रोल-एसवर जायचं. आजही जातं. मी फोनवर बोलत असलो तरी जातं, उघडलेल्या फाइलमध्ये काहीच बदललेलं नसलं तरी जातं. हे खातं कुठल्याही खिडकीत मांडलेलं नाही आणि म्हणून कुणी ते काढूनही घेऊ शकत नाही. नव्या मुलीची बोटं तिकडे जात नाहीत. तिच्या वेळी दिवे बरे होते, आणि फाइल ठरावीक वेळाने आपोआप साठवण्याची सोयही आहेच. पण कधी तिच्या टेबलाशी उभा असलो की माझी करंगळी माझ्या खिशात हलते.

शेवटी वाटप झालं ते असं. तर्जनी निवडायला. चाक बघायला. उजवं बटण हो म्हणायला, रेंगाळल्यास यादी. अंगठ्याजवळचं पुढचं बटण एस्केप, मागचं एक पाऊल मागे. मुलीने मागच्या बटणावर एका वस्तूचा रंग-जाडी दुसरीला लावणारी आज्ञा ठेवली, कारण तिच्या वाट्याला सरांची ड्रॉइंग निस्तरायला येतात. काकांनी आपल्या माउसला हात लावू दिला नाही. आम्ही लावला तो फक्त पाव सेकंदाला. लाइनला मंत्रिपद मिळालं नाही. 'एल'साठी डाव्या हाताने पलीकडे जाऊन यायचं ते चालूच राहिलं, आणि तिची गैरहजेरी कुणाला जाणवलीही नाही. दिवसाच्या मानाने तिकडे फार फेऱ्या होत नाहीत.

लग्नाकार्यात ओळखी निघतात तेव्हा लोक विचारतात, तुम्ही काय करता? मी सांगतो, ड्रॉइंग काढतो. सांगायला तेच सोपं आहे. बटणांना विचारलं तर ती सांगतील, हे दिवसभर बघतात, हो म्हणतात, आणि त्याहून जास्त वेळा नको म्हणतात. लोकांना हा उद्योग पटणार नाही, पण बांधून झालेल्या घरातून फिरताना आपण ज्या भिंतीवर आपटत नाही, ती कुणीतरी कधीतरी तिथून काढून टाकलेली असते. आमचं बिल मात्र चौरस फुटावर निघतं, आणि ते उभ्या राहिलेल्या भिंती धरून. एस्केपचा दर अजून कुठल्याच ऑफिसने ठरवलेला नाही. ठरला, तर काकांना सगळ्यात कमी पैसे मिळतील आणि सरांना आम्हा सगळ्यांहून जास्त. म्हणजे आत्ता मिळतात तसेच.